मांजरीचे ब्लडप्रेशर

आमच्या घरी मांजर आहे हे मंडळातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे, कारण गणपतीच्या आरतीला जमलेल्या मंडळींपैकी कुणाच्या तरी मांडीवर ती हमखास जाऊन बसते, आणि ज्यांना मांजर चालत नाही अशांचीच मांडी निवडते. नाव चिंगी. वय सध्या चौदावे चालू. तिच्याबद्दल चार पाने लिहिण्याची वेळ येईल असे वाटले नव्हते, पण गेल्या काही महिन्यांत ज्यांना ज्यांना ही हकिगत सांगितली, त्यांतल्या निम्म्या लोकांनी "म्हणजे? मांजरालाही बीपी असतं?" असे विचारले, आणि उरलेल्या निम्म्यांच्या घरी बारा वर्षांचे कुत्रे किंवा मांजर निघाले. तेव्हा एकदा सविस्तर लिहूनच टाकावे म्हटले.

२०२४ च्या मे महिन्यात सासूबाई मुंबईहून आल्या. दोन मोठ्या बॅगा हॉलमध्ये उघडून ठेवलेल्या, भाजणीचा आणि गोड्या मसाल्याचा वास घरभर सुटलेला. एरवी बॅग दिसली की चिंगी त्यात जाऊन बसते. त्या दिवशी ती चालत आली आणि सरळ बॅगेवर आपटली. मी म्हटले, नवी वस्तू वाटेत आली म्हणून गोंधळली असेल. दुसऱ्या दिवशी ती जिन्याच्या पायथ्याशी बसून ओरडत राहिली. सोफ्यावर उडी मारायला गेली ती कडेला नखे अडकवून लोंबकळली. मी तेही वयाच्या खात्यावर टाकले. सासूबाई मात्र बराच वेळ तिच्याकडे बघत होत्या. त्यांचे सगळे आयुष्य लालबागच्या चाळीत गेले. घरात पाळलेले मांजर नसले तरी जिन्यात, गॅलरीत, वखारीत मांजरांचा राबता कायमचा. "मांजराचा इन्शुरन्स!" म्हणून आदल्याच संध्याकाळी त्यांनी आमची यथास्थित थट्टा केली होती. त्या म्हणाल्या, "अगं, हिला दिसत नाहीये. डोळे बघ तिचे. एवढ्या उन्हात कसे बटणासारखे काळे झालेत!"

खरेच, खिडकीतून ऊन थेट तोंडावर येत असताना तिच्या डोळ्यांत हिरवा रंग दिसतच नव्हता. नुसत्या काळ्या बाहुल्या. उन्हात मांजराची बाहुली सुरीच्या पात्यासारखी बारीक व्हायला हवी, हे मी तेरा वर्षांची असल्यापासून जाणते. तरी दोन दिवस मला दिसले नाही.

आम्ही ज्या डॉक्टरीणबाईंकडे धावलो त्यांनी डोळ्यांवर बॅटरी मारली, बाहुल्या हलल्या नाहीत, आणि पुढचे काहीही करण्याआधी त्यांनी खोलीतला दिवा मंद केला, सगळ्यांना गप्प बसवले आणि चिंगीच्या पुढच्या पायाला एक बोटभर रुंदीचा पट्टा बांधला. आकडा आला २२८. पुन्हा घेतला, २२४. पुन्हा, पुन्हा, असा सात वेळा. मग डोळे तपासले. दोन्ही डोळ्यांतले पडदे मागच्या भिंतीपासून सुटले होते.

आता यात मला जे टोचते ते आधी सांगून मोकळी होते. सहा महिन्यांपूर्वीच, नोव्हेंबर २०२३ मध्ये, घराजवळच्या एका दवाखान्यात तिची वार्षिक तपासणी झाली होती. वजन पाव किलोने उतरले होते. पाणी जास्त पिते असे मीच सांगितले होते. रक्तात क्रिएटिनिन वरच्या रेषेला टेकलेले होते. "वयोमानाने होतं असं," असे आम्हाला सांगण्यात आले, आणि ते खोटेही नव्हते. पण पट्टा कुणी बांधला नाही. आणि मीही विचारले नाही. माझा पोटापाण्याचा धंदा म्हणजे मोठ्या संगणकांवर नजर ठेवणारे सॉफ्टवेअर लिहिणे. कुठला आकडा हळूहळू चढतो आहे आणि कुणाला कधी उठवायचे, हे ठरवण्यात माझी पंधरा वर्षे गेली आहेत. डॉक्टरेटही कंट्रोल सिस्टिम्समधली. माझ्याच घरात एक आकडा चढत होता आणि तो मोजायचा असतो हे मला माहीत नव्हते.

मांजराचा रक्तदाब माणसासारखाच असतो, याचे मला पहिल्यांदा आश्चर्य वाटले. चार किलोचा जीव, हृदय सुपारीएवढे, ठोके दवाखान्यात मिनिटाला दोनशेच्या घरात, आणि दाब मात्र तुमच्याआमच्यासारखा, वरचा आकडा १२०–१४०. कुत्र्याचेही तसेच. अपवाद आहेत. ग्रेहाउंडसारख्या धावणाऱ्या जातींचा दाब इतर कुत्र्यांपेक्षा दहा-वीस मिलिमीटरने मुळातच जास्त असतो, आणि जिराफाला तर एवढ्या उंचावर रक्त चढवायचे असल्याने आपल्या जवळजवळ दुप्पट दाब बाळगावा लागतो. बाकी उंदरापासून घोड्यापर्यंत निसर्गाने साधारण एकाच दाबाचे नळ बसवले आहेत.

घोड्यावरून आठवले. रक्तदाब मोजण्याचा इतिहासच मुळी एका जनावरापासून सुरू होतो. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने एका घोडीला उताणे बांधून तिच्या मांडीच्या रोहिणीत पितळी नळी घातली आणि तिला उभी काचेची नळी जोडली. रक्त काचेत चढत चढत हृदयाच्या पातळीपासून ८ फूट ३ इंचांवर जाऊन खालीवर होऊ लागले. हे त्याने १७३३ साली छापले. मी सहज हिशेब केला. रक्ताचा तेवढा स्तंभ पाऱ्यात बदलला तर साधारण १९५ मिलिमीटर होतो, आणि तोही सरासरी दाब. स्वस्थ घोडीचा एवढा नसतो. जिवंतपणी दोरखंडांनी बांधून उताणी पाडलेल्या, सुमारे चौदा वर्षांच्या त्या घोडीला काय वाटत असेल याची कल्पना केली की आकड्याचा उलगडा होतो. म्हणजे इतिहासातले पहिले ब्लडप्रेशर हे बहुधा भीतीने चढलेले ब्लडप्रेशर होते. हा मुद्दा पुढे लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवावा.

माणसासाठी दंडावरचा पट्टा इटलीच्या रिव्हा-रोच्चीने १८९६ मध्ये आणला, आणि स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकायची युक्ती रशियाच्या कोरोत्कोव्हने १९०५ मध्ये सांगितली. एवढे असूनही वाढलेल्या दाबावर काही करावे हे डॉक्टरांना पटायला आणखी अर्धे शतक लागले. प्रेसिडेंट रूझवेल्ट यांचा दाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होता. एप्रिल १९४५ मध्ये ते मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. जगातल्या सर्वांत सांभाळलेल्या माणसाची ही कथा. तेव्हा कुत्र्यामांजरांची पाळी १९९० च्या दशकात आली याचे नवल नको. मांजरांना अॅम्लोडिपीन देऊन दाब उतरतो हे त्याच दशकात दाखवले गेले.

आता मोजण्याचे तंत्र. ज्यांच्या घरी आईवडील सहा महिन्यांसाठी येतात त्यांच्या घरी बॅटरीवरचे बीपीचे यंत्र असतेच. आमच्याकडेही आहे, आणि कबूल करायला हरकत नाही, चिंगीच्या पायाला ते लावून बघण्याचा प्रयोग आमच्या घरात झाला आहे. यंत्राने "एरर" दाखवले आणि मांजरीने नखे. माणसाचा पट्टा त्या पायाला तीन वेढे घेतो. आणि मुळात ते यंत्र ज्या कंपनांवरून दाब ओळखते ती मांजराच्या सुतळीएवढ्या रोहिणीत फार क्षीण असतात. स्टेथोस्कोपनेही तिथे काही ऐकू येत नाही. म्हणून डॉपलर वापरतात. पंजाच्या खालच्या बाजूला थोडे केस काढून किंवा ओले करून, जेल लावून एक लहानसा खडा टेकवतात. तो ध्वनिलहरी सोडतो आणि वाहत्या रक्तावरून परतणाऱ्या लहरींच्या बदललेल्या सुराचे यंत्र आवाजात रूपांतर करते: फूश, फूश, फूश. लांब जाणाऱ्या आगगाडीची शिटी ज्या तत्त्वाने खाली उतरते तेच हे तत्त्व. वर पायाला पट्टा फुगवला की आवाज बंद. हवा हळूहळू सोडली की ज्या आकड्याला पहिली फूश परत ऐकू येते तो वरचा दाब. खालचा आकडा या पद्धतीने खात्रीने मिळत नाही, आणि निर्णय सगळा वरच्या आकड्यावरच घेतात. आपोआप फुगणारी, जनावरांसाठी बनवलेली यंत्रेही आहेत, आणि कुत्र्यांत ती बरीच वापरतात.

पट्ट्याची रुंदी ही किरकोळ बाब वाटते, पण निम्म्या चुका तिथे होतात. पायाच्या किंवा शेपटीच्या घेराच्या ३० ते ४० टक्के रुंदी हवी. अरुंद पट्टा आकडा फुगवून सांगतो, रुंद पट्टा कमी सांगतो. पट्टा हृदयाच्या पातळीला हवा. खोली शांत, शेजारी भुंकणारे कुत्रे नको, पाच-दहा मिनिटे जनावराला नुसते बसू द्यायचे, धनी जवळ असलेला बरा, आणि रक्त काढणे, ताप बघणे, नखे कापणे हे सगळे नंतर. पहिला आकडा टाकून द्यायचा, पुढचे पाच-सात एकमेकांशी जुळणारे घ्यायचे आणि सरासरी काढायची. आमच्या डॉक्टरीणबाई कानाला हेडफोन लावतात, कारण त्या फूशफूश आवाजानेच काही मांजरे बिथरतात. या सगळ्याला वीस मिनिटे लागली आणि आम्हाला चाळीस डॉलर पडले.

मग हेल्सच्या घोडीचा प्रश्न उरतोच. दवाखान्यात आलेले मांजर घाबरलेले असते. पिंजऱ्यात कोंडून, गाडीत ओरडत, कुत्र्यांच्या वासातून आलेले. त्याचा चढलेला दाब रोगाचा की भीतीचा? काही संशोधकांनी मांजरांच्या अंगात दाब कळवणारे बारीक ट्रान्समीटर बसवून घरची आणि दवाखान्यासारख्या भेटीतली मापे ताडून पाहिली. तो अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. भेटीत दाब सरासरी सतरा-अठरा मिलिमीटरने वाढला, पण गंमत सरासरीत नाही. एखादीचा पंचाहत्तरने चढला, तर एखादीचा उलट खाली आला. म्हणजे "भीतीचे वीस वजा करा" असा सरधोपट नियम चालणार नाही.

इथे माझ्या धंद्यातले थोडे गणित सांगते. आकडे केवळ उदाहरणासाठी धरलेले आहेत. समजा आपली चाचणी खऱ्या रोगी जनावरांपैकी ९० टक्के पकडते, आणि निरोगी पण घाबरट जनावरांपैकी १० टक्क्यांना चुकून रोगी ठरवते. आता एक हजार तरुण मांजरे घ्या, ज्यांत खरे रोगी १ टक्का, म्हणजे दहा. त्यांतली नऊ सापडतील. उरलेल्या ९९० निरोगींपैकी ९९ नाहक अडकतील. म्हणजे "दाब जास्त" असा शिक्का बसलेल्या बारांपैकी एकच खरी. आता एक हजार म्हाताऱ्या मांजरांत खरे रोगी २० टक्के धरा. दोनशेतली १८० सापडतील, आठशेतली ८० नाहक अडकतील. शिक्का बसलेल्या दहांत सात खऱ्या. चाचणी तीच, पट्टा तोच, डॉक्टर तोच. फक्त कुणाला तपासायचे ते बदलले. म्हणून सरसकट सगळ्यांना न मोजता वयस्कांवर आणि आधीच काही व्याधी असलेल्यांवर भर देतात, आणि म्हणूनच डोळ्यांत वगैरे काही बिघाड दिसत नसेल तर एका भेटीतल्या आकड्यावर औषध सुरू न करता दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावतात. दोन हेलपाटे पडले म्हणून व्हेटवर चिडू नये. माझ्या एका मैत्रिणीने चिडून दुसरी भेट रद्द केली होती. हे गणित मी तिला फोनवर ऐकवल्यानंतर ती गेली. (गणिताने नव्हे, माझ्या आवाजाने गेली असे तिचे म्हणणे.)

कितव्या वर्षापासून? यावर सगळ्यांचे अगदी एकमत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरनरी इंटर्नल मेडिसिन या संस्थेने २००७ मध्ये काढलेल्या आणि २०१८ मध्ये सुधारलेल्या निवेदनात कुत्र्यामांजरांना नऊ वर्षांपासून दरवर्षी मोजणे योग्य ठरेल असे म्हटले आहे. मांजरांपुरते बोलणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१७ च्या सूचना आणखी पुढे जातात: सात ते दहा वर्षांच्या मांजराला वर्षातून एकदा तरी, अकराच्या पुढे सहा ते बारा महिन्यांनी, आणि मूत्रपिंडाचा वगैरे रोग आधीच असेल तर तीन ते सहा महिन्यांनी. त्या तरुणपणीही अधूनमधून मोजायला सांगतात. वर म्हटलेल्या गणिताला ते विसंगत वाटेल, पण तिथे हेतू निदानाचा नसून जनावराला पट्ट्याची सवय व्हावी आणि त्याचा स्वतःचा नेहमीचा आकडा कळावा हा आहे. निरोगीपणीचा आकडा जवळ असणे किती मोलाचे, हे कुठल्याही यंत्रावर नजर ठेवणाऱ्याला सांगावे लागत नाही.

आकड्यांचे अर्थ असे लावतात. १४० च्या खाली ठीक. १४० ते १५९ सीमेवर. १६० ते १७९ वाढलेला. १८० च्या पुढे धोक्याचा, तिथे डोळे, मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांना इजा होण्याची शक्यता खूप. चिंगीचा २२८ होता.

माणसांत बहुतेकांच्या वाढलेल्या दाबाचे एकच एक कारण सापडत नाही. कुत्र्यामांजरांत उलट, बहुधा मागे दुसरा रोग लपलेला असतो. मांजरात पहिला संशय मूत्रपिंडाचा. मूत्रपिंडाचा जुनाट विकार असलेल्या मांजरांपैकी किती जणांचा दाब वाढलेला असतो, याचे आकडे वेगवेगळ्या पाहण्यांत २० टक्क्यांपासून ६५ टक्क्यांपर्यंत आहेत. दुसरा संशय थायरॉइड वाढल्याचा: मांजर म्हातारे, खाते राक्षसासारखे, आणि तरी वाळत चाललेले. काही मांजरांत कारण सापडतही नाही. कुत्र्यांत मूत्रपिंड, कुशिंगचा विकार आणि मधुमेह. आमच्या एका स्नेह्यांचा लॅब्रॅडोर दिवसभर पाणी पिऊन रात्री दोनदा बाहेर न्यायला लावायचा, पोट सुटलेले, पाठीवरचे केस विरळ; कुशिंगचे निदान झाले आणि दाब १८५ निघाला. आणखी एक सांगून ठेवते. म्हाताऱ्या कुत्रीला लघवी आवरत नाही म्हणून फेनिलप्रोपॅनोलामाइन देतात, त्यानेही दाब चढू शकतो. ते चालू असेल तर मोजायला सांगावे.

दाब वाढला की काय होते? मूत्रपिंडाचे तर दुष्टचक्रच आहे. कंट्रोलच्या पुस्तकात ज्याला पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतात त्याचा नमुना. खराब झालेले मूत्रपिंड दाब वाढवणारी संप्रेरके सुटायला लावते, मीठ-पाणी धरून ठेवते. वाढलेला दाब उरलेल्या गाळण्यांवर आदळून त्या फाडतो. गाळण्या कमी झाल्या की पुन्हा दाब. हृदयाची डावी भिंत जाड होते. मेंदूत सूज आली तर झटके येतात, तोल जातो, जनावर भ्रमिष्टासारखे वागते. म्हातारे मांजर रात्री-अपरात्री विनाकारण हंबरल्यासारखे ओरडू लागले तर ते कधी ऐकू कमी येण्याने असते, कधी थायरॉइडने, पण कधी या दाबानेही. चिंगी मार्चपासून रात्री ओरडत होती. आम्ही दार लावून झोपत होतो.

आणि डोळा. डोळ्याच्या मागच्या भिंतीत बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. दाब वाढला की त्या आधी आवळून घेतात, मग कधीतरी हार खातात आणि पाझरू लागतात. ते पाणी पडद्याच्या मागे साचते. पावसाळ्यात चाळीच्या भिंतीला ओल येऊन रंगाचा पोपडा सुटतो, हुबेहूब तसा पडदा सुटतो. डॉक्टरीणबाई इंग्रजीत समजावत होत्या, मी सासूबाईंना हे उदाहरण देऊन सांगितले. त्या म्हणाल्या, "पोपडा परत चिकटत नाही गं." कधी कधी चिकटतो. पाझर थांबला की पाणी शोषले जाते आणि पडदा जागेवर बसतो; पण मधल्या काळात उपाशी राहिलेल्या पेशी मेल्या असतील तर बसलेला पडदा पाहत नाही. सगळा प्रश्न दिवसांचा, कधी तासांचा असतो. आमचे नक्की किती दिवस गेले होते, सांगता येणार नाही. मांजर घराचा नकाशा मिशांनी आणि पायांनी पाठ करते. नवी बॅग वाटेत आली नसती तर आम्हाला कळायला आणखी आठवडा लागला असता.

उपचार मात्र अगदी साधा निघाला. गोळीचे नाव डॉक्टरीणबाईंनी लिहून दिले आणि ते वाचून सासूबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. अॅम्लोडिपीन. त्यांच्या पर्समध्ये तीच गोळी, पाच मिलिग्रॅमची, गेली अकरा वर्षे. चिंगीला ०.६२५ मिलिग्रॅम, म्हणजे अडीचच्या गोळीचा चतकोर. थोरल्या मांजराला त्याच्या दुप्पट. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल करायचे तिचे काम माणसात आणि मांजरात एकच. मांजरांसाठी दुसरे औषध टेल्मिसार्टान, त्याचे द्रावण इथल्या एफडीएने २०१८ मध्ये मांजरांच्या रक्तदाबासाठी मंजूर केले. ज्यांच्या मांजराला गोळी भरवणे म्हणजे कुस्ती, त्यांनी त्याबद्दल विचारावे. कुत्र्यांत बहुधा एनालाप्रिल किंवा बेनाझेप्रिलच्या गटातल्या औषधाने सुरुवात करतात आणि लागले तर अॅम्लोडिपीन जोडतात.

पण नाव एक म्हणून आजीच्या डबीतली गोळी मोडून घालू नका. चार किलोच्या जिवाला मात्रा थोडी चुकली तरी दाब धाडकन कोसळतो. आणि उलट काळजीही घ्या: जमिनीवर पडलेली माणसाची बीपीची गोळी कुत्र्याने गिळली तर ते विषबाधेचे प्रकरण आहे, लगेच दवाखाना गाठावा. आमच्या जेवणाच्या टेबलावर आता दोन डब्या असतात, एकीवर मांजराचा स्टिकर आहे. तो माझ्या लेकीने चिकटवला.

गोळी सुरू झाल्यावर दाब पुन्हा मोजावा लागतो. साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत, आणि डोळ्यांचा वगैरे प्रसंग असेल तर एक ते तीन दिवसांतच. १६० च्या खाली आणायचे, जमले तर १४० च्या खाली, पण इतके खाली नाही की जनावर गळून जाईल. चिंगीचा पंधरा दिवसांत १५२ झाला, पुढे १३८. डावा पडदा बऱ्याच अंशी जागेवर बसला. उजवा नाही. तिला उजेड-अंधार कळतो, मोठी सावली हलली तर कळते. एवढेच.

लेकीने मला एकदाच विचारले, "आधी मोजलं असतं तर तिला दिसलं असतं का?" ती तेव्हा दहा वर्षांची. मी तिला संभाव्यतेची भाषा ऐकवायला सुरुवात केली आणि थांबले. म्हटले, "हो, बहुतेक." तिने मान हलवली आणि चिंगीला उचलून घेऊन गेली. तेवढ्यावर संपले नाही. दुसऱ्या दिवशी तिने तिच्या दोन मैत्रिणींच्या घरच्या म्हाताऱ्या कुत्र्यांची वये लिहून आणली आणि त्यांच्या आयांना फोन करायला लावले. त्यांतल्या एकाचा दाब उत्तम निघाला. दुसऱ्याच्या आईने अजून वेळ घेतलेली नाही.

आंधळ्या मांजराबरोबर राहणे वाटले होते तितके अवघड नाही. सामान हलवायचे नाही, वाडगे आणि मातीचा ट्रे जिथल्या तिथे, जिन्याला लहान मुलांसाठी लावतात तसले फाटक, उचलण्याआधी हाक मारायची. गेल्या गणपतीत आम्ही आरासीसाठी सोफा हलवला नाही, म्हणून मखर जरा कोपऱ्यात गेले. आलेल्यांपैकी कुणी विचारले तर हेच कारण. ती मात्र आवाजावरून बरोबर माणूस हेरून मांडीवर चढली, आणि ज्यांच्या मांडीवर चढली ते गृहस्थ पूर्वीप्रमाणेच अवघडून बसले.

सासूबाई ऑक्टोबरमध्ये परत गेल्या. आमचे हे परळला वाढलेले. "बैलघोड्याचं हॉस्पिटल" म्हणून सगळी मुंबई ओळखते ते बाई साकरबाई पेटिट रुग्णालय त्यांच्या शाळेच्या वाटेवर. सासूबाईंनी गेल्यावर तिथे चौकशी करून यायची असे ठरवले आहे, कारण त्यांच्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्या बोक्याने हल्ली पाणी फार प्यायला सुरुवात केली आहे. बोका कुणाचाच नाही, त्यामुळे नेणार कोण यावर मजल्यावर वाद चालू आहे. इकडे चिंगीची पुढची तपासणी येत्या मंगळवारी आहे. सकाळी साडेनऊची वेळ मागून घेतली, तेव्हा कुत्री कमी असतात.